जिथे सगळेच ‘अहो’ होते

ऑगस्ट संपत आला की आमच्या मागच्या बागेतलं प्लमचं झाड एकाएकी उदार होतं. वर्षभर ते कुंपणाला टेकून मुकाट उभं असतं, आणि मग एका आठवड्यात एवढी फळं टाकतं की गवतावर पाय कुठे ठेवावा ते कळत नाही. फुटलेल्या प्लमांवर गांधीलमाश्या बसतात आणि थोड्या वेळानं झिंगल्यासारख्या वाकड्यातिकड्या उडतात. हवेला आंबूस-गोड वास येतो. उन्हाळा अजून गेलेला नसतो, पण त्यानं चपला पायात घातलेल्या असतात.

याच आठवड्यात मोटरहोम, म्हणजे ओटा-पलंगासकटच्या गाड्या, परत येऊ लागतात. पांढऱ्या, बोजड, मागे सायकली बांधलेल्या, पुढच्या काचेवर चार देशांचे किडे चिकटलेल्या. मोटारवेवरून उतरायचं आणि मग मिल्टन कीन्सच्या राउंडअबाउटमागून राउंडअबाउटला प्रदक्षिणा घालत घर गाठायचं. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो रस्ता दिसतो. एखादी मोटरहोम हेलकावत गेली की माझे साबणाचे हात थांबतात, आणि कुठूनसा तापलेल्या रेक्झिनचा, गॅसच्या शेगडीचा आणि मेतकुटाचा मिळून एक वास येतो. हे, म्हणजे माझे यजमान, घरात असले तर मागून म्हणतात, “आपली गेली बघ.” ती कधीच आपली नव्हती. एका उन्हाळ्यापुरती भाड्यानं घेतलेली होती. पण काही गोष्टी भाड्यानं घेतल्या तरी आपल्याच होऊन बसतात.

त्या वर्षीच्या जानेवारीत सासूबाई साताऱ्यात गेल्या. हे विमान पकडून पोहोचले तोवर सगळं आटोपलं होतं. धाकट्या भावानं अग्नी दिला होता, शेजारीपाजारी चहा पिऊन घरी गेले होते. हे परत आले आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाले. हे भूलतज्ज्ञ. सकाळी लवकर ऑपरेशन थिएटरात जायचं, दिवसभर माणसांना झोपवायचं आणि उठवायचं. रडले नाहीत, चिडले नाहीत, फक्त बोलणं कमी झालं. कोणीतरी रेडिओचा आवाज रोज जरा जरा कमी करावा तसं. त्यात मधुमेह बळावला, गोळ्यांवरून इन्सुलिनवर आले. डॉक्टर माणूस पेशंट झाला की केवढं मोठं मूल होतं ते डॉक्टरांच्या बायकांना विचारावं. उन्हाळा आला तेव्हा घरात आमची मुलगी जुई आणि मी अशा दोघीच बोलत होतो.

जुई तेव्हा अकरा वर्षांची होती. जन्म इथला, शाळा इथली, मराठी घरातलं आणि त्यामुळे घराएवढंच. सप्टेंबरात ती मोठ्या शाळेत जाणार होती. “आई, everyone goes somewhere. आपण नेहमी इंडियाच जातो. आणि आता आजी पण नाही आहे तिथे,” ती म्हणाली. ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं, तिच्याकडे बघितलं, आणि दुसऱ्या आठवड्यात बेडफर्डजवळच्या एका शेतकऱ्याकडून मोटरहोम ठरवून आले. मला विचारलंसुद्धा नाही. मला राग यायला हवा होता, पण इतक्या महिन्यांत त्यांनी आपण होऊन केलेली ती पहिली गोष्ट होती, म्हणून मी मुकाट्यानं वेम्बलीला गेले आणि ईलिंग रोडवरच्या देशी दुकानांतून पोहे, मूगडाळ, मेतकूट आणि लोणच्याच्या बाटल्या आणल्या. कुकर घेतला. विरजण एका स्टीलच्या डब्यात घेतलं. इटलीला निघालो होतो, पण माझ्या सामानाकडे बघून कोणालाही आम्ही नरसोबाच्या वाडीला चाललोय असंच वाटलं असतं.

मोटरहोममध्ये संसार करणं म्हणजे कपाटात राहणं. एकानं हात वर केला की दुसऱ्यानं मान खाली घालायची. पलंगाचं टेबल करायचं, टेबलाचा पलंग करायचा. फ्रान्समधल्या पहिल्या कॅम्पसाइटवर माझ्या कुकरची शिट्टी झाली तेव्हा आजूबाजूच्या तंबूंतून माणसं बाहेर आली, एक डच गृहस्थ तर बादलीभर पाणीच घेऊन आले. जुई लाजेनं पडद्याआड गेली. हे मात्र हसले. मी कुकरकडे प्रेमानं बघितलं.

आणि ती गाडी होती इंग्लंडची, म्हणजे स्टिअरिंग उजवीकडे, आणि रस्ते तिकडचे, म्हणजे तेही उजवीकडचे. पुढे एखादा ट्रक आला की ह्यांना पलीकडचं काही दिसायचं नाही. दिसायचं ते मला, डावीकडे बसलेल्या बाईला. म्हणजे ओव्हरटेक करायचा की नाही हे मी ठरवायचं आणि ह्यांनी डोळे झाकून ऐकायचं. “अहो, थांबा. अहो, अजून नाही. अहो, आता जा!” आमच्या सबंध संसारात माझं इतकं मुकाट्यानं त्यांनी कधीच ऐकलं नव्हतं. आल्प्सच्या त्या वळणांवर दिवसभरात ‘अहो’ हा शब्द किती वेळा म्हटला असेल त्याला गणतीच नाही.

‘अहो’बद्दल सांगायला हवं. मी लग्न झाल्यापासून ह्यांना अहो म्हणते. हे मला अगं म्हणतात. आमच्या पिढीत यात काही विशेष नव्हतं. पण परदेशात मराठी बोलणारं तिसरं माणूस घरात नसलं की गंमत होते. जुई नर्सरीत असताना बाईंनी तिला विचारलं, “What’s your daddy’s name?” पोरीनं ठामपणे सांगितलं, “अहो.” बाईंनी तसंच लिहून घेतलं. पुढे पेरेंट्स ईव्हनिंगला त्यांनी ह्यांच्याशी हस्तांदोलन करत म्हटलं, “So nice to meet you, Mr Aho.” ह्यांनी दुरुस्ती केली नाही. घरी येऊन म्हणाले, “बाईंचं बरोबर आहे. या घरात माझं तेच नाव आहे.”

हॉस्पिटलात ते मॅक. पहिल्याच नोकरीत वॉर्ड सिस्टरला मुकुंद हे नाव जमेना, तिनं मॅक करून टाकलं, ते जन्माला चिकटलं. फोनवर त्यांना लोक स्कॉटिश समजत आणि समोर आल्यावर दाराकडे दुसरं कोणी येतंय का ते बघत. मित्रांना ते डॉक्टर, जुईला बाबा, बँकेला दोन इनिशियल आणि आडनाव. मुकुंद हे नाव घेणारं जगात एकच माणूस उरलं होतं. दर रविवारी ट्रंक कॉल लागायचा, खरखर व्हायची, आणि सातासमुद्रापलीकडून सासूबाई ओरडायच्या, “मुकुंदा, जेवलास का?” त्यांना वाटे, इतक्या लांब बोलायचं तर ओरडलंच पाहिजे. मी पलीकडच्या खोलीत असले तरी ऐकू यायचं. जानेवारीपासून रविवार गप्प झाला होता.

मीही नाव घ्यायची, नाही असं नाही. मंडळाच्या हळदीकुंकवाला, कम्युनिटी हॉलमध्ये, बायका अडून बसल्या की घ्यायची. “राउंडअबाउटमागे राउंडअबाउट, रस्ता सापडेना नवा, मुकुंदरावांचं नाव घेते, चहा कोणाकोणाला हवा?” सगळ्या हसायच्या, चहा यायचा. पण उखाण्यातलं नाव म्हणजे दागिना. तो मिरवायचा आणि परत डबीत ठेवायचा. त्यानं कोणाला हाक मारत नाहीत.

इटलीच्या सपाट मोटारवेवर, जुईनं एकदा ह्यांना विचारलं, “बाबा, तू लोकांना झोपवतो, मग उठवतो कसा? Do you shake them?” मला वाटलं, हे ‘हं’ म्हणून सोडून देतील. पण ते सांगत बसले. म्हणाले, “औषध थांबवलं की माणूस आपोआप वर येतो, विहिरीतून आल्यासारखा. डोळे नंतर उघडतात, कान आधी उघडतात. तेव्हा त्याचं नाव घ्यायचं. मोठ्यानं, स्वच्छ. मिस्टर अमुक नाही, घरी त्याला जे म्हणतात ते. मी आधीच विचारून ठेवतो, what do they call you at home? एक म्हातारे गृहस्थ होते, मोठे मॅजिस्ट्रेट. घरी सगळे त्यांना बनी म्हणायचे. उठेचनात. मी कानाशी जाऊन बनी म्हटलं, उठले.” जुई हसून लोळली. मी खिडकीबाहेर सूर्यफुलांकडे बघत राहिले. माना खाली घातलेली, काळी पडलेली, मैलोन् मैल. कित्येक महिन्यांतलं त्यांचं ते सगळ्यात लांब बोलणं होतं, आणि ते संपू नये असं मला वाटत होतं.

गाव रोमच्या उत्तरेला, उंब्रिया प्रांताच्या सीमेवर होतं. नाव मी लिहीत नाही, कारण आमच्यापैकी कोणालाच ते दोनदा सारखं म्हणता आलं नाही. एका उभ्या टेकडीवर दगडी तट, आत दगडी घरं, आणि सगळ्याचा रंग भाजलेल्या पोळीचा. तटाचा दरवाजा मध्ययुगातल्या घोड्यांच्या मापाचा. आमची मोटरहोम त्यातून जाणं शक्यच नव्हतं. आम्ही ती खाली ऑलिव्हच्या सावलीत लावली, झाडाला दोरी बांधून मी धुतलेले कपडे वाळत घातले, आणि सकाळच्या उन्हात चढण चढून आत गेलो.

तसलं गाव मी त्याआधी पाहिलं नव्हतं. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्ही घरांना लागावेत. घराखालून जाणारे बोगदे, बोगद्यातून अचानक फुटणारे जिने, जिन्याच्या शेवटी कोणाचं तरी तुळशीसारखं जपलेलं बेझिलचं झाड. भिंतीत घोडे बांधायच्या लोखंडी कड्या अजून होत्या, त्यांत आता जिरॅनियमच्या कुंड्या अडकवल्या होत्या. तळघरांच्या जाळ्यांतून वाइनचा गार, ओलसर वास वर येत होता. चौकातल्या विहिरीच्या काठाचा दगड दोरांनी खोल कापला होता. जुईनं प्रत्येक खाचेत बोट घालून बघितलं. ती आधी पुढे पळाली आणि मग घाबरून मागे आली, कारण तीन वळणांनंतर सगळ्या गल्ल्या एकसारख्याच दिसत होत्या.

एका गल्लीत एका घराला दोन दारं होती. एक नेहमीसारखं, आणि त्याच्या शेजारी एक चिंचोळं, रस्त्यापासून गुडघाभर उंच, दगडांनी बुजवून टाकलेलं. आम्ही बघत उभे राहिलो तर समोरच्या ओट्यावरच्या म्हाताऱ्यानं खुणा करून सांगितलं. हात छातीवर घेतले, डोळे मिटले, आणि मग त्या अरुंद दाराकडे बोट दाखवून काहीतरी बाहेर सरकवल्यासारखं केलं. घरातलं माणूस गेलं की त्याला तिथून नेत, एरवी ते दार बंद. खरं की नुसतीच दंतकथा, कोण जाणे. म्हातारा हसला. हे हसले नाहीत. त्या बुजवलेल्या दाराच्या दगडांवरून त्यांनी हात फिरवला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “अगं, आईला कुठल्या दारानं नेलं असेल? पुढच्या की मागच्या?”

जानेवारीपासून ‘आई’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते. “पुढच्याच दारानं नेलं असणार,” मी म्हटलं. ते म्हणाले, “ती कायम मागच्या दारात असायची.” बास, एवढंच. पुन्हा रेडिओ बंद.

दुपारी मोटरहोममध्ये परत आलो. मी भात लावला. ह्यांनी इन्सुलिन घेतलं. त्या काळच्या इन्सुलिनचा हिशेब साधा होता, सुई टोचली की अर्ध्या तासात पोटात अन्न गेलं पाहिजे, नाहीतर रक्तातली साखर ढासळते. माणूस आधी घामाघूम होतो, मग भांबावतो, मग खाली बसतो, आणि मग उठत नाही. सुई टोचून झाली आणि मी दह्याचा डबा उघडला. दहा दिवस मी हौसेनं विरजण पुढे नेत होते, त्या दिवशी उन्हानं ते नासलं होतं.

“मी वर जाऊन आणतो. सकाळी दुकान बघितलंय.”

“अहो, बसा बरं. दूध घालते भातावर. इंजेक्शन झालंय ना?”

“दह्याशिवाय भात म्हणजे शिक्षा आहे. पाच मिनिटांत आलो.”

आणि गेले. दिवसभर जगाला ऑपरेशनआधी उपाशीपोटी राहायचे नियम सांगणारा माणूस, दह्यासाठी! मी कुकर उतरवला, ताटं मांडली, लोणचं वाढलं. भाताची वाफ निवली. जुई म्हणाली, “बाबा फार slow आहे.” मी दारातून वर तटाकडे बघितलं आणि नजर वाळत घातलेल्या कपड्यांवर पडली. ह्यांचा निळा शर्ट वाऱ्यानं हलत होता आणि त्याचा खिसा फुगलेला होता. त्या खिशात ते कायम बार्ली शुगरच्या गोळ्या ठेवत, साखर उतरली तर तोंडात टाकायला. मी त्या गोळ्यांसकट शर्ट धुतला होता. खिशाखाली चिकट, पिवळा ओघळ वाळला होता.

मी साखरेचा डबा उचलला, जुईचा हात धरला आणि चढण चढू लागले.

सकाळचं गाव कुठे गेलं होतं कोण जाणे. दुकानांची फळ्यांची दारं लागली होती, खिडक्यांच्या झडपा मिटल्या होत्या, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. फक्त प्रत्येक झडपेमागून काटेचमच्यांचा आवाज, टीव्हीवरच्या बातम्या, तळलेल्या लसणाचा वास. सगळं गाव जेवत होतं. माझाच माणूस तेवढा जेवायचा राहिला होता. पहिल्या बोगद्यापाशी मी हळूच हाक मारली, “अहो.” मग जरा मोठ्यानं, “अहो!” मग सगळी लाज सोडून, त्या दगडी गल्ल्यांत घुमेल इतक्या मोठ्यानं, “अहो! अहोऽऽ!”

वरची एक झडप उघडली आणि गंजिफ्रॉकातल्या एका माणसानं डोकं बाहेर काढून उत्तर दिलं, “अहो!” चौकातल्या बारमधून दुसरा ओरडला, “अहोऽ!” स्कूटरवरचा एक तरुण करकचून थांबला आणि हात उडवत म्हणाला, “अहो?” विहिरीजवळचे दोन म्हातारे वळून बघू लागले. मला क्षणभर वाटलं, मला वेड लागतंय, किंवा हे सगळं गाव साताऱ्याचं आहे.

“आई, थांब!” जुईनं माझी बाही ओढली. “They say it here! सगळे तेच बोलतात. It’s like shouting oi!”

खरंच होतं. त्या भागात कोणाला थांबवायचं, हटकायचं, नुसतं दोस्तीत डिवचायचं तरी म्हणतात ‘अहो’. मी ज्या शब्दानं जगातल्या एकाच माणसाला हाक मारत आले होते, त्या शब्दाला त्या गावात प्रत्येक पुरुष वळून बघत होता. जुईनं मग ‘बाबा! बाबा!’ करून बघितलं. तर तिथली पोरं बापाला म्हणतात बाब्बो. एक ढेरपोट्या गृहस्थ हातात सुरी घेऊन गॅलरीत आला, आपलं पोर नाही हे बघून आत गेला.

आम्ही तीच विहीर पुन्हा ओलांडली. जुईनं माझा हात सोडला. आणि मग ती माझ्यावर अशी ओरडली, जशी त्याआधी कधी ओरडली नव्हती आणि नंतरही नाही. “आई, नाव बोल ना! His name! त्याला नाव आहे ना एक? Just use it!”

तिला काय सांगणार होते मी? नाव होतं. जिभेवर होतं. पण जीभ उचलेना. हसू येण्यासारखी गोष्ट आहे, मला आज येतंही. तेव्हा रडू येत होतं. ज्या माणसाशी संसार केला, ज्याचं मूल वाढवलं, त्याला मी एकदाही नावानं बोलावलं नव्हतं, त्यामुळे ते बोलावतात कसं, आवाज कुठे चढवतात, कुठे लांबवतात, तेच मला ठाऊक नव्हतं. ते नाव हाकेसारखं मी एकाच गळ्यातून ऐकलं होतं. लग्नानंतर व्हिसा येईपर्यंत आम्ही दोघं साताऱ्याला होतो तेव्हा. सासूबाई मागच्या दारात उभ्या राहत, पदराला हात पुसत, आणि गच्चीत पुस्तक घेऊन बसलेल्या आपल्या लग्न झालेल्या, डॉक्टर झालेल्या लेकाला जेवायला बोलावत. मु खाली, कुं वर, आणि दा पार गल्लीच्या टोकापर्यंत.

तीच चाल माझ्या गळ्यातून निघाली.

“मुकुंदाऽऽऽ!”

कोणीही वळून बघितलं नाही. झडपा मिटलेल्या राहिल्या. त्या गावात या नावाचं कोणी नव्हतं. मी पुन्हा हाक मारली, आणि डाव्या हाताच्या, आम्ही आधी दोनदा ओलांडलेल्या गल्लीतून, बारीक, दुपारच्या झोपेतून उठवल्यासारखी ओ आली. “ओऽ.”

ते त्या बुजवलेल्या दाराखाली बसले होते. रस्ता चुकल्यावर ओळखीचं तेवढंच दिसलं, म्हणून तिथे थांबले होते. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला, चेहरा पिठासारखा, आणि माझ्याकडे बघणाऱ्या डोळ्यांत मी कोण याचा पत्ताच नव्हता. मी गुडघ्यावर बसले. “मुकुंदा, तोंड उघड. उघड म्हणते ना! कुठे गेला होतास तू? साखर आहे, चाव.” चमच्याचं भान कोणाला होतं! मी मुठीनंच साखर भरवत होते. जुई शेजारचं दार बडवत ओरडत होती, “पाणी! पाणी!” घाईत पोरीला मराठीच सुचलं. दार उघडलं, एक जाडजूड बाई बाहेर आली, आत पळाली, आणि पाव घेऊन आली. मोठा, गोल, अर्धा कापलेला पाव. त्यांच्या भाषेत पावांना पाणी म्हणतात हे आम्हाला खूप नंतर कळलं. पण साखरेनंतर पोटात काहीतरी भक्कम जायला हवंच असतं. देवानं चुकीच्या शब्दाला बरोबर वस्तू पाठवली म्हणायची.

ह्यांनी पावाचा तुकडा चावला, गिळला. हळूहळू डोळ्यांत माणूस परत आला. माझ्याकडे, जुईकडे, वर त्या दाराकडे बघितलं.

“‘अहो, अहो’ ऐकू येत होतं,” ते म्हणाले. “पण अहो म्हणजे मी, हे काही डोक्यात शिरेना. आणि मग आईनं हाक मारली. मला वाटलं, आई जेवायला बोलावतेय.” एवढं म्हणून, हातात पाव घेऊन, ते रडायला लागले. थांबेचनात. लहान मुलासारखे, आवाज करून. जानेवारीचं सगळं ऑगस्टात, एका परक्या घराच्या पायरीवर. त्या बाईनं खुर्ची आणली, पाणी आणलं, काही न विचारता त्यांच्या ओल्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. मीही रडले. मला इतकं बरं वाटत होतं की मला त्याची भीतीच वाटली.

जुईनं नाक पुसलं आणि वातावरण जागेवर आणलं. “बाबा, आई तुला तू बोलला! मी ऐकला!”

“बोलली,” ह्यांनी दुरुस्ती केली. डॉक्टर शुद्धीवर आल्याची ती पक्की खूण होती.

पायरीवर त्यांच्या शेजारी कागदात गुंडाळलेला एक पांढरा गोळा होता. दही म्हणून आणलेला. ते दही नव्हतं, कसलंसं ताजं चीज होतं. खाली जाऊन आम्ही गार भातात तेच कालवलं, वर लोणचं घेतलं आणि भांडं पुसून खाल्लं. परतीच्या वाटेवर, सबंध आल्प्सभर, हे आईबद्दल बोलत होते. ती ताक कशी करायची, रागावली की भांडी कशी आपटायची, शिकायला जाताना डब्यात काय दिलं होतं. मी मधून मधून म्हणायची, “अहो, आता जा.” आणि ते ओव्हरटेक करत बोलत राहायचे.

हो, दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा अहोच म्हणू लागले. जुईला ते कधीच पटलं नाही. ती आता हाउन्सलोला राहते, विमानतळावर नोकरी करते, आपल्या नवऱ्याला नावानं आणि प्रसंगी नावं ठेवून हाक मारते, आणि म्हणते, “आई, you’re so weird.” असेन. पण मला ते नाव रोजच्या भाजी-आमटीत घालायचं नव्हतं. ते सासूबाईंचं होतं. मला त्यांनी ते सांभाळायला दिलंय, अडीअडचणीला काढ म्हणून, असं मला वाटतं.

अडचण पुन्हा एकदा आली. दोन वर्षांमागे ह्यांच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं, त्यांच्याच हॉस्पिटलात. ते संपून बराच वेळ झाला तरी हे डोळे उघडेनात. रिकव्हरीतली सिस्टर जुन्या ओळखीची, तिनं नियम बाजूला ठेवून मला आत घेतलं. ती वाकून हाका मारत होती, “Mac! Come on, Mac love, open your eyes for me!” सगळा जन्म दुसऱ्यांना घरचं नाव विचारणाऱ्या माणसाला, त्याची पाळी आली तेव्हा, कोणी ते विचारलंच नव्हतं. सगळ्यांना वाटत होतं, आपल्याला माहीतच आहे. मी कानाशी गेले. तीच चाल, फक्त हळू. मु खाली, कुं वर. आणि ऑक्सिजनच्या मास्कमध्ये ओठ गोल झाले आणि आतून प्लास्टिकवर वाफेचा एक ठिपका उमटला. आवाज काही आला नाही. पण मराठी माणसाला कळेल, ती ओ होती.

एक दिवस हाक जाईल आणि ओ येणार नाही, किंवा ओ द्यायला हे असतील आणि हाक मारायला मी नसेन. हे मला कळतं. प्लम पडायला लागले की जरा जास्तच कळतं.

आत्ता ते मागे बागेत आहेत. इंजेक्शन घेऊन झालंय. भात वाढलाय, दही घरी लावलेलं आहे, कवडी पडेल असं घट्ट. “अहो, ताट वाढलंय,” मी मागच्या खिडकीतून दोनदा सांगितलं. ऐकू गेलंय, मला पाठीवरून कळतं. हलत नाहीत. गेल्या काही वर्षांत हा नवा हट्ट शिकलेत, आणि तो फक्त याच आठवड्यात करतात. समोरच्या रस्त्यावरून एक मोटरहोम राउंडअबाउटला वळसा घालून गेली.

मी पदर नाही म्हणून एप्रनला हात पुसले आणि मागच्या दारात जाऊन उभी राहिले. “मुकुंदाऽऽऽ!”

शेजारचा कुत्रा भुंकायचा थांबला. बागेत गांधीलमाश्यांशिवाय कसलाच आवाज नव्हता. मी दाराची चौकट धरून उभी होते. आणि मग झाडामागून, तोंडात चोरून टाकलेला अख्खा प्लम असल्यासारखी, ओ आली.